साडूंनी हलवलेली नळी

आमच्या साडूंबद्दल मी काही लिहावं हे खरं म्हणजे बरोबर नाही. मला ते फारसे माहीतच नव्हते. चौतीस वर्षं आम्ही एकमेकांच्या घरी जात-येत होतो. पण त्यांच्या आईचं नाव मला ठाऊक नाही, ते कितवीपर्यंत शिकले होते तेही नाही. तरुणपणी ते दोन वर्षं घर सोडून कुठेतरी गेले होते, असं आमची ही एकदा म्हणाली होती. कुठे, कशासाठी, ते विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही साडू. त्या दोघी आत बोलत बसायच्या आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. तिथेही साडूच बोलायचे, मी ऐकायचो.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, मला म्हणाली, "काका, तो रक्ताचा किस्सा तुम्हीच लिहून द्या. तुम्ही तिथे होतात." तिथे मी होतो एवढं खरं. म्हणून लिहितो. कमीजास्त झालं तर तिनं सांभाळून घ्यावं.

साडू दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घरात सगळे त्यांना पेंटरच म्हणायचे, ताईसुद्धा. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. मीही त्यांना ताईच म्हणतो. साडू पट्टी न लावता सरळ ओळ काढायचे. डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवायचे, श्वास धरायचे आणि एका दमात अक्षराचा उभा दांडा खाली आणायचे. ते चालू असताना शेजारी फटाका फुटला तरी हात हलायचा नाही. दांडा पुरा झाला की श्वास सोडायचे आणि लगेच काहीतरी वात्रट बोलायचे.

त्यांची एक सवय सांगितली पाहिजे. हातात आलेली कुठलीही बाटली, कुठलाही डबा ते आधी जोरजोरात हलवायचे. रंग खाली बसतो आणि वर नुसतं तेल येतं. न हलवता ब्रश बुडवला की पाटी वाया. पन्नास वर्षं हेच केल्यामुळे ते औषधाची बाटली हलवायचे, दुधाची हलवायचे, एकदा तर आमच्याकडची शाईची दौत हलवली आणि टोपण सैल होतं. माझा तो सदरा अजून आहे.

पासष्ट पूर्ण झाली तेव्हा ताईंनी शिडी बंद केली. "खाली बसून काय रंगवायचं ते रंगवा. वर चढलेलं मला कळलं तर बघा." साडूंनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्यानंतर चार महिन्यांनी एका शिंप्याच्या दुकानाची पाटी आली. ती भिंतीवरच, दाराच्या वर रंगवायची होती. साडू मला म्हणाले, "साडू, सकाळी मोकळे आहात ना? फिरायला जाऊ." फिरायला म्हणून निघालो आणि शिंप्याच्या दारात शिडी उभी. माझं काम शिडी धरायचं. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो, तासभर. चार अक्षरं झाली. मग साडू वरून म्हणाले, "जरा मागे जाऊन बघा हो, सरळ दिसतंय का?"

मी मागे गेलो. सरळ दिसत होतं. मग साडू खाली आले.

उंची फार नव्हती, तिसरी-चौथी पायरी असेल. पण शिंप्याच्या लाकडी बाकाच्या कडेवर छाती आपटली. दुसऱ्या वस्तीतल्या एका डॉक्टरकडे गेलो, मुद्दाम लांबच्या. त्यांनी छातीचा एक्स-रे फोटो काढला आणि सांगितलं, दोन बरगड्या मोडल्यात, प्लास्टर नाही, आपोआप सांधतील, सहा-आठ आठवडे जपा. बाहेर आल्यावर साडू म्हणाले, "तोंडातून ब्र काढायचा नाही. तुमची शपथ घ्या."

"माझी?"

"माझ्यावर तुमच्या ताईंचा विश्वास नाही, म्हणून तुमची."

मी घेतली. ताईंना त्यांनी सांगितलं की पिठाचं पोतं उचलताना लचक भरली. ताईंनी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. हसलं की बरगड्या दुखायच्या, म्हणून साडूंनी तीन आठवडे स्वतः विनोद केला नाही आणि दुसऱ्यांनाही करू दिला नाही. ताई आमच्या हिला फोनवर म्हणाल्या, "उशिरा का होईना, माणूस गंभीर झाला बाई."

दोन महिने असेच गेले. साडू पुन्हा हसायला लागले. पण मध्येच एक दुसरं दुखणं निघालं. लघवीला वारंवार जावं लागायचं आणि गेलं तरी साफ व्हायची नाही. ताईंनी त्यांना धरूनच डॉक्टरकडे नेलं, आमच्या नेहमीच्या. डॉक्टरांनी तपासलं, प्रोस्टेटची ग्रंथी मोठी वाटते म्हणाले, आणि रक्तातल्या दोन गोष्टी बघायला सांगितल्या. एकीचं नाव ॲसिड फॉस्फटेज, दुसरीचं अल्कलाइन फॉस्फटेज. हे जुनं झालं. त्या वेळी हीच तपासणी करत. आता त्यासाठी दुसरी, जास्त नेमकी तपासणी करतात असं ऐकतो.

चार दिवसांनी कागद आला. दोन्ही आकडे वाढलेले. पहिला जवळजवळ दुप्पट, दुसरा मर्यादेच्या रेघेच्या थोडा वर. डॉक्टर ताईंना म्हणाले, "एकच वाढला असता तर मी इतकं बोललो नसतो. दोन्ही एकदम वाढले की शंका घ्यावी लागते. प्रोस्टेटचा कॅन्सर असला आणि तो हाडात उतरला, तर असं दिसतं. असेलच असं नाही. मोठ्या हॉस्पिटलात हाडांची तपासणी करून घेऊ." तारीख मिळाली अकरा दिवसांनंतरची.

त्या अकरा दिवसांतले पहिले पाच कसे गेले ते मी नीट सांगू शकणार नाही. ताई स्वयंपाक करता करता थांबायच्या आणि गॅस तसाच चालू. आमची ही रोज तिकडे. साडू मात्र सगळ्यांना हसवत होते. "ॲसिड म्हणजे मोरी घासायचं ना? मग बरंच आहे, आतून स्वच्छ झालो असेन." आम्ही हसलो नाही की रागवायचे. "अरे, बरगड्या दुखत नाहीत तर हसा की!" हे ताईंसमोर बोलून गेले आणि मग माझ्याकडे बघून एकदम खोकायला लागले.

सहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा ते रंगाच्या खोलीत बसले होते. जुने डबे ओळीनं लावलेले, ब्रश धुऊन फडक्यावर वाळत टाकलेले. त्यांनी एक ब्रश उचलून माझ्या हातात दिला. लांब केसांचा, बारीक टोकाचा, ज्याला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"हा ठेवा तुमच्याकडे."

"मी काय करू ह्याचं?"

"काही करू नका. ठेवा. विकायला काढतील हे लोक, डब्यांबरोबर."

तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत. दुसरा कुणी असता तर पाठीवर हात ठेवला असता. मी म्हणालो, "तो कागद बघू का जरा?"

मी ऑफिसात आवक-जावक बघायचो. तीस वर्षं कागद वाचले, आणि तेही खालून वर. महत्त्वाचं असतं ते लोक वर मोठं लिहितात, पण अडचण असते ती खाली बारीक लिहितात. त्या कागदाच्याही अगदी तळाला, सहीच्या बाजूला, एक बारीक ओळ होती: नमुना लालसर आला, पहिला आकडा जपून वाचावा, शक्य तर नमुना पुन्हा पाठवावा.

"हे डॉक्टरांनी वाचलं का?"

साडूंनी चष्मा वर सरकवून बघितलं. "हे? मला वाटलं छापणाऱ्याचं नाव आहे. इतक्या बारीक अक्षरात कुणी लिहितं का हो? रस्त्यावरून दिसणार कसं?"

डॉक्टर त्या आठवड्यात बाहेरगावी होते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही थेट लॅबमध्ये गेलो. साडू, मी आणि ताई. आम्हाला ताईंना न्यायचं नव्हतं, पण त्या चपला घालून दारात उभ्याच होत्या.

लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला. पांढऱ्या फरशीची लांब खोली, काचेमागे गरगरणारी यंत्रं, आणि एक पन्नाशीच्या बाई, केस टोपीत कोंबलेले, हातमोजे घातलेले. मी खिडकीपाशी उभा राहिलो आणि माझ्यामागून आलेल्या तिघांना पुढे जाऊ दिलं. शेवटी ताईंनीच कागद आत सरकवला.

बाईंनी कागद बघितला, एक वही उघडली आणि म्हणाल्या, "हो, ही ओळ मीच लिहिली. नळी माझ्याकडे आली ती लालभडक. वरचं पाणी पिवळसर असायला हवं. कुणी आणली होती?"

"मी," साडू म्हणाले. "आमच्या गल्लीत रक्त काढतात ना, तिथला नेणारा माणूस आला नव्हता. रक्त काढणारी मुलगी घड्याळाकडे बघत बसलेली. मी म्हटलं, मी त्याच बाजूला चाललोय, द्या इकडे."

"कशी आणलीत?"

"बसनं. खिशात."

"बस फार आदळली का?"

"नाही हो. बसायला जागाही मिळाली." मग साडू जरा अभिमानानं पुढे झुकले. "उलट मी काळजी घेतली. बसमध्ये बघतो तर काय, सगळं वेगळं झालेलं! लाल खाली बसलेलं आणि वर नुसतं पिवळं पाणी. म्हटलं हे असंच दिलं तर तुम्ही वरचं वरचं बघाल आणि फसाल. मग हलवली."

"हलवली म्हणजे?"

साडूंनी उजवा हात वर केला आणि डबा हलवतात तसा खांद्यापासून हलवून दाखवला. "अशी. चांगली दहा मिनिटं. एकजीव होईपर्यंत."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या. "काका, तुम्ही काय काम करता?"

"पेंटर आहे."

"अहो देवा," बाई म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू आलं की हातमोज्यानंच तोंड झाकायला गेल्या, मग लक्षात येऊन मोजा काढला. "तेवीस वर्षांत लोकांनी नळ्या फोडल्या, हरवल्या, एकीनं उन्हात वाळत ठेवली. पण एकजीव कुणी केली नव्हती."

मग त्यांनी आम्हाला आत बोलावलं, ताईंना आणि साडूंना बसवलं आणि समजावून सांगितलं. मला समजलं तसं लिहितो. हे ॲसिड फॉस्फटेज नावाचं एन्झाइम प्रोस्टेटमध्ये भरपूर असतं. रक्ताच्या पाण्यात अगदी थोडं. ते पाण्यात वाढलं तर प्रोस्टेटकडे बघायचं. पण रक्तातल्या लाल पेशी म्हणजे बारीक बारीक पिशव्या, आणि त्यांच्यातही ह्याच जातीचं एन्झाइम भरलेलं असतं. नळी जोरात हलवली की पिशव्या फुटतात आणि आतलं सगळं पाण्यात येतं. यंत्र आकडा मोठा दाखवतं. माल कुठून आला ते त्याला कळत नाही.

"म्हणजे तो आकडा खोटा?" ताईंनी विचारलं.

"खोटा म्हणणार नाही. त्याच्यावर काही ठरवता येणार नाही, एवढंच. नवीन रक्त घेऊ, मीच काढते, मीच लावते. आणि मी डॉक्टर नाही ताई. तुमचे डॉक्टर काय ते ठरवतील. मी फक्त नळीबद्दल बोलते."

"आणि दुसरा आकडा?" मी विचारलं. माझा आवाज त्यांना ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

"तो हलवण्यानं इतका वाढायचा नाही. अल्कलाइन फॉस्फटेज हाडं बांधणाऱ्या पेशींतून येतं. यकृतातूनही येतं, पण ह्यांचे यकृताचे बाकीचे आकडे ठीक आहेत. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हा आकडा मोठ्या माणसांपेक्षा बराच जास्त असतो, आणि ते धडधाकट असतात. आकडा एवढंच सांगतो की हाडावर काम चालू आहे. कशासाठी चालू आहे ते सांगत नाही."

साडूंचा चेहरा उजळला. हे त्यांना लगेच पटलं. "म्हणजे परांची बांधलेली दिसते, पण आत डागडुजी आहे की पाडकाम ते रस्त्यावरून कळत नाही."

"अगदी तसंच. म्हणून विचारते. गेल्या दोन-तीन महिन्यांत हाड मोडलं होतं का कुठलं?"

"छे," साडू म्हणाले.

ते इतक्या झटकन म्हणाले की बाईंनी लिहायला घेतलेलं पेन तसंच ठेवलं. ताई शेजारी बसल्या होत्या. साडू समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी साडूंकडे बघितलं. त्यांनी अगदी थोडी, दिसेल न दिसेल एवढी, मान हलवली. नाही म्हणून.

माणसाला कॅन्सर आहे की नाही हा प्रश्न, आणि हा गृहस्थ बायकोच्या धाकानं गप्प! पण मीही गप्पच होतो. शपथ घेतलेली. बाई म्हणाल्या, "बरं, मग तसं लिहिते," आणि पेन उचललं.

"दोन बरगड्या," मी म्हणालो.

"काय?"

"दोन. मोडल्या होत्या. दहा आठवडे झाले. शिडीवरून." मग एकदा सुटलो तो थांबेचना. "मी धरली होती. म्हणजे नव्हती धरली. त्यांनी मागे जाऊन बघायला सांगितलं. सरळ होतं."

ताई सावकाश साडूंकडे वळल्या.

"पिठाचं पोतं?" ताई म्हणाल्या.

साडू सदऱ्याचं बटण चाचपायला लागले.

"गरम पाण्याची पिशवी देत होते मी. महिनाभर. लचक भरली म्हणून."

"बरं वाटायचं त्यानं," साडू हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही!" ताई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला मी गरीब समजत होते."

मी उभाच होतो, आणखी उभा राहिलो. बाई मात्र टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "अहो काका, हे आधी सांगायचं ना! बरगडी सांधत असली की हा आकडा वाढणारच. दोन-अडीच महिने, कधी जास्तही. मी हे कागदावर लिहिते, तो जुना फोटो डॉक्टरांना दाखवा."

ताई उठल्या. मला वाटलं आता निघून जातात. त्या साडूंसमोर उभ्या राहिल्या आणि बोटानं त्यांच्या छातीवर, डाव्या बाजूला, दाबलं. "इथे?"

"जरा खाली."

"दुखतं?"

"नाही आता."

"दुखायला हवं," ताई म्हणाल्या, आणि तिथेच, त्या पांढऱ्या खोलीत, हसता हसता रडायला लागल्या. मग साडूही. बाईंनी आम्हाला तिघांना पाणी दिलं आणि साडूंची बाही वर केली.

नवीन रक्ताचा पहिला आकडा रेघेच्या आत आला. पुष्कळ आत. दुसरा थोडा वरच होता, पण आधीपेक्षा उतरलेला. डॉक्टरांनी जुना फोटो बघितला, पुन्हा एक काढला, बरगड्या जिथे जुळल्या तिथे नव्या हाडाची गाठ दिसत होती. तरी त्यांनी ठरलेली तपासणी रद्द केली नाही, आणि ते बरंच झालं. त्या तपासणीत दोन बरगड्यांखेरीज कुठे काही निघालं नाही. प्रोस्टेट वयानं वाढलेलं होतं, त्याच्यासाठी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी दुसरा आकडाही रेघेखाली आला. ज्या दिवशी तो कागद आला त्या दिवशी साडू आमच्याकडे आले, चहा घेतला आणि दारात वळून म्हणाले, "माझा ब्रश?"

मी आणून दिला. फडक्यात गुंडाळूनच ठेवला होता.

त्या ब्रशनं त्यांनी पहिली पाटी लॅबसाठी रंगवली, हौसेनं, आपणहून. बाईंना एकच ओळ हवी होती: नळी हलवू नये. साडूंनी खाली दुसरी ओळ स्वतःच्या पदरची घातली: हा रंग नाही. बाई आधी नको म्हणाल्या, मग लोक वाचून हसतात म्हणून राहू दिली. सुई टोचायच्या आधी माणूस हसला की काम सोपं होतं, असं त्या म्हणाल्या. अक्षरं मात्र एवढी मोठी, की समोरच्या फुटपाथवरून वाचता यायची.

ताई माझ्याशी दोन आठवडे बोलल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शिडीचा निकाल लावला. "चढायचंच असेल तर मला सांगून चढा. मी धरते. ह्यांना धरायला दिलं तर हे पाटी बघत बसतील." आणि खरंच त्या धरायच्या. साठीतल्या बाई, पदर खोचून, शिडीच्या पायथ्याशी पाय रोवून, आणि वर साडू. वरून त्यांनी कितीदा सांगितलं तरी ताई मागे जाऊन बघायच्या नाहीत. "तुम्हीच या खाली आणि बघा," म्हणायच्या. सत्तरी उलटल्यावर त्यांनी स्वतःच चढणं सोडलं. म्हणाले, बायकोला उभं राहायला त्रास होतो.

लॅबमधल्या त्या दिवसानंतर साडू नऊ वर्षं जगले. शपथ मोडल्याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत, ना रागाचा ना दुसरा. मात्र डॉक्टरांनी वर्षातून एकदा रक्त बघायला सांगितलं होतं, तेव्हा ते मलाही ओढून न्यायचे. "तुमचंही वय झालंय. चला, दोघंही टोचून घेऊ." आधी मला बसवायचे, सुई जाताना दुसरीकडे बघायचे, आणि मग बाईंशी गप्पा मारत स्वतः बसायचे. आमच्या दोघांच्या एवढ्या वर्षांच्या ओळखीत फक्त आम्ही दोघं, तिसरं कुणी नाही, असे दिवस हेच. तरी त्या दिवसांतही आम्ही काही मोठं बोललो असं नाही. मला विचारता आलं असतं बरंच काही. त्या दोन वर्षांचं विचारता आलं असतं.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हाही असंच झालं. दोघांचं रक्त देऊन आम्ही बसथांब्यावर उभे राहिलो. ऊन कोवळं होतं. त्यांची बस वेगळी, माझी वेगळी. ते रस्त्यापलीकडच्या एका दुकानाची छापील पाटी बघून तोंड वाकडं करत होते. आठच दिवसांनी, दुपारी जरा पडतो म्हणून पडले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आमचे कागद त्याच्या आधीच आले होते, दोघांचेही सगळे आकडे चांगले. मला त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. मी कोपर दुमडून, कापूस दाबून उभा होतो.

साडूंनी माझ्याकडे बघितलं. "अहो, टाका की तो कापूस आता. केव्हाचं थांबलं रक्त."

"टाकतो," मी म्हणालो.

"बस आली तुमची."

"हो. येतो मग."

"या."